पासकी केली, पण ती ठेवली कुठे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मेल उघडताना, खरेदीच्या संकेतस्थळावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हल्ली मध्येच एक चौकट उभी राहते: ‘पासकी तयार करा’. त्या वेळी माणूस दुसऱ्याच कामात असतो. चौकट जावी म्हणून जे बटण आधी अंगठ्याखाली येईल ते दाबले जाते आणि विषय तिथेच मिटतो. तो पुन्हा निघतो फोन हरवल्यावर, बदलल्यावर किंवा दुरुस्तीहून परत आल्यावर. तोवर पासकी केली होती की नाही, केली असेल तर ती कुठे आहे, हे घरात कोणालाच आठवत नसते.

वर्तमानपत्रांत पासकीची ओळख बहुधा ‘पासवर्डऐवजी बोटाचा ठसा’ अशी एका ओळीत होते. या ओळीने गोंधळ कमी होत नाही, उलट वाढतो. ठसा हा यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. समजून घ्यायचे ते एवढेच की ही एक किल्ली आहे आणि प्रत्येक किल्लीप्रमाणे ती कुठेतरी ठेवलेली असते. कुठे, हे ज्याला माहीत आहे त्याचे खाते अडकत नाही.

पासकी करताना फोन एकमेकांशी जोडलेले दोन प्रचंड मोठे आकडे तयार करतो. एक गुप्त, तो आपल्याकडे राहतो. दुसरा उघड, तो संकेतस्थळाकडे जातो. साइन इन करताना संकेतस्थळ दर वेळी एक नवा आकडा पाठवते. फोन गुप्त आकडा वापरून त्यावर सही करतो आणि संकेतस्थळ आपल्याकडच्या उघड आकड्याने ती सही पडताळते. घरगुती भाषेत सांगायचे तर कुलूप त्यांच्या दाराला आणि किल्ली आपल्या खिशात. उद्या त्या संकेतस्थळावर दरोडा पडला तरी चोराच्या हाती कुलपेच लागतात. पासवर्ड मात्र दोन्हीकडे असायचा, म्हणून दोन्हीकडून फुटायचा.

ही कल्पना कालपरवाची नाही. त्यासाठी फिडो अलायन्स ही संघटना २०१२ मध्ये स्थापन झाली आणि ब्राउझरसाठीचे ‘वेबऑथन’ हे मानक मार्च २०१९ मध्ये मंजूर झाले. ५ मे २०२२ रोजी अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून पाठिंबा जाहीर केल्यावर ‘पासकी’ हा शब्द सर्वसामान्यांपर्यंत येऊ लागला. आयफोनमध्ये ती त्याच वर्षी आयओएस १६ बरोबर आली, गूगल खात्यांना मे २०२३ मध्ये आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपला ऑक्टोबर २०२३ मध्ये. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन असेल तर ती चालते.

ठशाबद्दलची भीती आधी दूर करू. पासकी वापरताना लावलेला ठसा फोनच्या बाहेर जात नाही. तो फक्त फोनला सांगतो, ‘मालक समोर आहे, किल्ली काढ.’ आधारशी त्याचा काही संबंध नाही. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवले असले तरी फोनचा ठसा चालू राहतो, आणि फोनवर ठसा लावल्याने आधारमधून पैसे काढले जात नाहीत. शेतात राबून, भांडी घासून, सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांना वाटते की ही सोय आपल्यासाठी नाही. तसे अजिबात नाही. फोनच्या कुलपाचा पिन किंवा पॅटर्न टाकला की तेच काम होते. फोनला कुलूप मात्र असलेच पाहिजे. ज्या फोनला पिनच नाही त्यावर पासकी होत नाही, आणि केल्यानंतर कुलूप काढून टाकले तर ती वापरता येत नाही.

आता ठेवण्याच्या जागा. अँड्रॉइड फोनवर पासकी बहुधा गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये जाते, म्हणजे आपल्या गूगल खात्याबरोबर राहते. सॅमसंगच्या फोनवर ती सॅमसंग पासमध्येही जाऊ शकते. आयफोनवर ती आयक्लाउड कीचेन या अ‍ॅपलच्या पासवर्डपेटीत जाते. आयओएस १८ पासून तिथे ‘पासवर्ड्स’ नावाचे वेगळे अ‍ॅपच आहे. विंडोजच्या संगणकावर ‘विंडोज हॅलो’ (पिन, ठसा किंवा चेहऱ्याने संगणक उघडण्याची सोय) निवडले तर ती सहसा त्या एका यंत्रातच राहते, दुसरीकडे जात नाही. कार्यालयातल्या संगणकावर केलेली पासकी घरी का दिसत नाही, याचे उत्तर हेच. पासकी सिम कार्डात मात्र कधीच नसते. सिम बदलल्याने ती जात नाही आणि सिम जपून ठेवल्याने ती वाचतही नाही.

‘तयार करा’ हे बटण दाबण्याच्या आधी चौकटीत बारीक अक्षरांत एक ओळ असते, की ही पासकी अमुक ठिकाणी, अमुक मेलच्या नावाने जतन होईल. त्या ओळीतला मेल आपला आहे का, हे वाचायला पाच सेकंद लागतात. अनेक फोनवर दोन-तीन गूगल खाती असतात. एक स्वतःचे, एक मुलाने कधीतरी टाकलेले, एक फोन घेताना दुकानदाराने घाईत काढून दिलेले, ज्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. किल्ली त्या तिसऱ्या खात्यात गेली तर फोन असेपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि फोन गेला की सगळेच जाते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘पासकी’ असे लिहिले की कोणती जागा निवडलेली आहे ते दिसते. ही एक गोष्ट आजच पाहून ठेवावी.

नवा फोन घेतल्यावर बहुतेकांची गाडी अडते ती एका ठरावीक जागी. गूगल खात्याने साइन इन होते, पण पासकी वापरायला गेले की नवा फोन जुन्या फोनच्या कुलपाचा पिन मागतो. लोक नव्या फोनचा पिन टाकत राहतात. चौकटीत बहुधा जुन्या फोनचे नाव लिहिलेले असते, तिकडे लक्ष जात नाही. गूगलने या किल्ल्या ज्या पेटीत बंद केलेल्या असतात ती गूगललाही उघडता येत नाही. जुना पिन हीच त्या पेटीची किल्ली आहे. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असते, त्यामुळे अंदाजाने आकडे टाकत बसू नये. क्रोम ब्राउझरमधून संगणकावर पासकी केली असेल तर ‘गूगल पासवर्ड मॅनेजर पिन’ नावाचा वेगळा, बहुधा ६ आकड्यांचा पिन ठरवलेला असतो आणि मग तो मागितला जातो. तेव्हा जुना फोन विकण्याआधी किंवा कोणाला देण्याआधी त्याचा पिन वहीत लिहून ठेवावा आणि नव्या फोनवर सगळे सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत जुना पुसू नये.

याच्याही पुढची अडचण गूगल खात्याच्या स्वतःच्या पासकीची आहे. ती गूगल खात्यातच ठेवलेली असते. किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्लीही त्याच कपाटात, असा हा प्रकार. फोन हातात असेपर्यंत तो जाणवत नाही. फोन गेला की मात्र आत शिरायला दुसरा रस्ता लागतो: पासवर्ड, चालू असलेला मोबाइल क्रमांक, दुसरा मेल आणि सर्वांत भरवशाचे म्हणजे बॅकअप कोड. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू केले की गूगल ८ आकड्यांचे १० कोड देते. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. हे कोड कागदावर छापून रेशनकार्ड, विम्याची कागदपत्रे असतात त्या फाइलमध्ये ठेवावेत. त्यांचा फोटो काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवण्यात काही अर्थ नाही. मोबाइल क्रमांकाचीही एक गोम आहे. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला नाही आणि खात्यात शिल्लकही नसेल तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. परदेशी गेलेल्यांचे सिम इथे आईवडिलांच्या ड्रॉवरमध्ये पडून असते, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सर्वाधिक घोळ होतो तो झेरॉक्सच्या दुकानात. मेलवर आलेले प्रवेशपत्र छापायचे आहे. दुकानाच्या संगणकावर आपला मेल टाकला की गूगल पासवर्ड न विचारता ‘पासकी वापरा’ म्हणते. पडद्यावर पर्याय येतात. त्यांतला ‘आयफोन, आयपॅड किंवा अँड्रॉइड डिव्हाइस’ हा निवडला की क्यूआर कोड उमटतो. तो फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा, फोनवर विचारले की ठसा किंवा पिन द्यायचा, की संगणकावर मेल उघडतो. किल्ली फोनमध्येच राहते, दुकानात काही उरत नाही. यासाठी दोन्हीकडे इंटरनेट आणि दोन्हीकडे ब्लूटूथ चालू लागते. दोन्ही यंत्रे आधी एकमेकांना जोडण्याची, म्हणजे पेअर करण्याची गरज नाही. ब्लूटूथने फोन खरोखरच त्या संगणकाजवळ आहे का एवढेच पाहिले जाते.

घोडे पेंड खाते ते इथेच. दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपला बहुधा ब्लूटूथ नसतेच. मग क्यूआर येतच नाही, किंवा आला तरी फोन ‘जोडत आहे’ म्हणत फिरत राहतो. माणसाला वाटते आपलेच काहीतरी चुकले. अशा वेळी ‘ट्राय अनदर वे’ दाबून पासवर्डने जाता येते. त्यानंतर फोनवर होकार मागितला जातो किंवा कोड येतो. त्याहून बरे म्हणजे दुकानात साइन इनच करू नये. फाइल फोनमध्ये उतरवून घ्यावी, केबलने किंवा पेन ड्राइव्हवरून द्यावी आणि छापून झाल्यावर दुकानाच्या संगणकावरून समोरच पुसून घ्यावी. साइन इन करावेच लागले तर क्रोमची गेस्ट किंवा इन्कॉग्निटो खिडकी उघडावी. तिथे ‘पासवर्ड जतन करायचा का’ किंवा ‘या डिव्हाइसवर पासकी तयार करायची का’ असे विचारले तर ‘नको’ म्हणावे. दुकान, सेतू केंद्र, महाविद्यालयाची प्रयोगशाळा, शेजाऱ्यांचा लॅपटॉप, कुठेही. परक्या यंत्रात पासकी करणे म्हणजे घराची किल्ली त्या दुकानाच्या खिळ्याला अडकवून येणे. बाहेर पडताना साइन आउट राहून गेले असेल तर घरी येऊन फोनवरून गूगल खाते, सुरक्षा, ‘तुमची डिव्हाइस’ या वाटेने त्या संगणकाला बाहेर काढता येते.

दुरुस्तीच्या दुकानात याहून मोठा धोका असतो. पडदा बदलायला फोन टाकताना पिन विचारला जातो, तो चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटपट्टीने लावला जातो आणि फोन दोन दिवस टेबलावर पडून असतो. पूर्वी त्या पिनने फोन उघडायचा. आता त्याच पिनने फोनमधली प्रत्येक पासकी चालते. पडदा किंवा बॅटरी बदलायला पिन लागत नाही; तपासणीसाठी लागला तर आपण समोर उभे राहून टाकावा. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे, तो चालू करून दिला तर कारागिराला फोन वापरता येतो पण आपली माहिती दिसत नाही. घरातही हाच हिशेब आहे. खेळायला मिळावे म्हणून नातवाचा ठसा आजोबांच्या फोनमध्ये घातलेला असेल तर आजोबांच्या सगळ्या पासकी त्या ठशाने उघडतात. मुलांसाठी ठसा नोंदवू नये, फोन उघडून हातात द्यावा.

फसवणुकीच्या बाबतीत पासकीचा जो मोठा फायदा आहे तो फारसा कोणी सांगत नाही. ती संकेतस्थळाच्या नावाला बांधलेली असते. हुबेहूब गूगलसारखे दिसणारे, एका अक्षराने वेगळे पान आपल्या डोळ्यांना फसवते, पासकीला फसवता येत नाही. त्या नावाची किल्लीच नाही म्हणून फोन गप्प राहतो. ओटीपी जसा फोनवर बोलताबोलता काढून घेतला जातो तशी पासकी सांगताच येत नाही, कारण ती आपल्यालाच माहीत नसते. पण पासकी केल्यावर जुना पासवर्ड आपोआप रद्द होत नाही, आणि भामट्यांना हे पक्के ठाऊक आहे. ते बनावट पानावर लिहितात, ‘पासकी चालत नाही, पासवर्डने पुढे जा.’ नेहमी ठशाने उघडणारे खाते एखाद्या दिवशी आलेल्या लिंकवर पासवर्ड मागू लागले तर तिथेच थांबावे, लिंक सोडून द्यावी आणि अ‍ॅप किंवा पत्ता स्वतः उघडावा. फोनच्या कुलपाचा पिन मागणारी खरी चौकट फोनची स्वतःची असते. ती पानावर तरंगत वर येते, मागचे पान मंद होते आणि तीत संकेतस्थळाचे व खात्याचे नाव असते. वेब पानात कोरा रकाना देऊन ‘तुमच्या मोबाइलचा पिन लिहा’ असे कोणी म्हटले तर ती लबाडी समजावी. यूपीआय पिन तर पासकीच्या कामात कधीच लागत नाही.

क्यूआरचेही तसेच. पासकीच्या क्यूआरला ब्लूटूथमुळे अंतराची मर्यादा आहे. व्हॉट्सअ‍ॅप वेबच्या क्यूआरला ती नाही. दुसऱ्याने पाठवलेला कोड ‘पडताळणीसाठी’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपमधून टिपला तर आपले सगळे संदेश त्याच्या संगणकावर उघडू शकतात. दिसायला दोन्ही चौकोन सारखेच, म्हणून दुसऱ्याने पाठवलेला कोणताच टिपू नये. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या यादीत अनोळखी नाव दिसले तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करावे. व्हॉट्सअ‍ॅपची नोंदणीची पासकी अ‍ॅपला कुलूप लावत नाही आणि जुने संदेशही परत आणत नाही, हेही इथेच सांगायला हवे. नव्याने नोंदणी करताना एसएमएसवर येणाऱ्या ६ आकडी कोडाऐवजी ती वापरता येते. अ‍ॅपचे कुलूप वेगळे, बॅकअप वेगळा, टू-स्टेपचा ६ आकडी पिनही वेगळा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

‘आता बँकेचा ओटीपी बंद होणार’ अशी चर्चा अधूनमधून उठते. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीबाबत जे निर्देश काढले, त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. त्यांत किमान दोन घटकांची पडताळणी आवश्यक ठेवली आहे आणि एसएमएसच्या ओटीपीशिवाय इतर मार्गांनाही वाव दिला आहे. ओटीपी बंद करण्याचा आदेश त्यांत नाही. बँकेचे अ‍ॅप ठशाने उघडते म्हणजे तिथे पासकी आहे असेही नाही. बहुतेक अ‍ॅपांत तो ठसा एमपिनच्या जागी वापरलेला असतो. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यांवर गेली आहेत. ज्या संकेतस्थळावर पासकी असते तिथे असे नाव बदलले आणि संस्थेने त्याची तांत्रिक तजवीज केली नाही तर जुनी पासकी नव्या पत्त्यावर चालत नाही. तेव्हा ती नव्याने करावी लागते, आणि यात खातेदाराची काही चूक नसते.

पासकी काढून टाकतानाही अशीच फसगत होते. किल्ली आणि कुलूप दोन जागी असल्याने एक काढले की दुसरे आपोआप जात नाही. फोनमधली पासकी पुसली तर संकेतस्थळ तीच मागत राहते आणि फोन म्हणतो, पासकी उपलब्ध नाही. संकेतस्थळावरची नोंद पुसली तर फोन उत्साहाने किल्ली पुढे करतो आणि तिकडून नकार येतो. म्हणून आधी संकेतस्थळाच्या सुरक्षा पानावर जाऊन नोंद काढावी, मग फोनमधली. फोन हरवला असेल तर पहिली गोष्ट पुरेशी आहे आणि ती लगेच करावी.

एका खात्याला एकापेक्षा जास्त पासकी करता येतात, आणि ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत त्यांनी याचा उपयोग जरूर करून घ्यावा. अमेरिकेतल्या मुलाला पुण्यातल्या वडिलांचे खाते सांभाळायचे असेल तर ब्लूटूथच्या अटीमुळे क्यूआरचा मार्ग लांबून चालत नाही. तो सुट्टीत घरी आला असतानाच, वडिलांच्या संमतीने, त्याच्या फोनवर त्याच खात्याची दुसरी पासकी करून ठेवावी. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनीही असेच करावे. जुना फोन हातात असताना प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात नव्या फोनवरून दुसरी पासकी करून घ्यावी, कारण जुन्या आपोआप पलीकडे येतील यावर विसंबून राहता येत नाही.

कंपन्यांकडे आमचे एकच मागणे आहे. ‘पासकी तयार करा’ या चौकटीत ‘जलद आणि सुरक्षित’ असे गोडवे गाण्याऐवजी मराठीत दोन ओळी ठळक असाव्यात: ही किल्ली अमुक खात्यात ठेवली जाईल, फोन हरवल्यास अमुक लागेल. बारीक अक्षरांत हे आजही असते, ते मोठे करायला काही तांत्रिक अडचण नाही.

आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी, की वर लिहिलेली दुकानातल्या साइन इनची आणि नवा फोन घेतानाची कृती मोठ्या टाइपात, कापून ठेवता येईल अशा चौकटीत छापावी. मजकूर तयार करून द्यायला आणि फोनच्या पडद्यावरचे शब्द बदलले की तो सुधारून द्यायला आम्ही तयार आहोत. रविवारच्या अंकातला अर्धा स्तंभ पुरेल.

आपले,
संगणक व मोबाइलचे प्रशिक्षण देणारे काही वाचक, सातारा